किडनी चांगली असतानाही डायलिसिस? थिओफायलिनच्या बाबतीत, हो

तुमच्या वडिलांना दम्यासाठी थिओफायलिन चालू, त्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं, त्याने थिओफायलिन रक्तात साठलं, मग उलट्या, धडधड, फिटचा एक झटका. आणि आता आयसीयूवाले डायलिसिस म्हणताहेत. "किडनी ठणठणीत, मग कशाला?" हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवेना. माझ्या आईचं हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. पण सही करायला रेंगाळू नका.

हे डायलिसिस किडनीसाठी नसतंच, रक्तातलं औषध उपसण्यासाठी असतं. थिओफायलिन त्यात चांगलं निघतं. पूर्वी कोळशाच्या फिल्टरमधून रक्त गाळायचे, त्याला हिमोपरफ्यूजन म्हणतात. 2015 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत मात्र साध्या डायलिसिसलाच पहिली पसंती आहे, त्यामुळे परफ्यूजनच्या शोधात पेशंट हलवायच्या भानगडीत माझ्या मते पडू नये. झटका आला असेल तर रक्तातल्या औषधाच्या लेव्हलच्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं, असं आमच्या नेफ्रॉलॉजिस्टनी स्पष्ट सांगितलं होतं.

आमचा खरा वेळ खाल्ला तो विम्याच्या टेबलाने. नाव लिहीत नाही. "क्रिएटिनिन नॉर्मल, डायलिसिसची गरज दिसत नाही" असा शेरा मारून फाईल परत. वर डॉक्टर मानेत कॅथेटर टाकायला तयार, आणि खाली हा माणूस किडनीचा खराब रिपोर्ट मागतोय! तेवढ्यात आईला दुसरा झटका आला. ज्याला आजार कळत नाही त्याने उपचार अडवावेत, याचा संताप अजून जात नाही. म्हणून आत्ताच डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या: थिओफायलिनची विषबाधा, झटके, औषध काढण्यासाठी तातडीचं डायलिसिस. "विषबाधा" हा शब्द हवाच. मंजुरीची वाट न बघता सुरू करायला सांगा, पैशांचं मागून भांडता येतं. पोलीस जबाब घ्यायला आले तर घाबरू नका, विषबाधेत एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, बहुतेकदा होते. दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या दाखवा.

गोळ्या रिटार्ड असतील तर ती पाकिटं डॉक्टरांच्या हातात द्या. त्या पोटात सावकाश सुटत राहतात, लेव्हल नंतरही चढते. नाकातल्या नळीने कोळसा देतील, शौचाला काळं होईल, ते ठीक आहे.

वडील बिडी ओढत असतील आणि या धक्क्याने सोडणार असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. धूम्रपान सुटलं की हे औषध शरीरातून हळू निघतं, जुनाच डोस जास्त होऊ शकतो.