राज्य बुडालं तरी खेळाडू टिकावा

एक नकाशा घ्यायचा, प्रत्येकाने एक देश वाटून घ्यायचा, ठरल्या दिवसापर्यंत पंचाकडे हुकूम पाठवायचे आणि पंचाने सगळ्यांचे निकाल एकदम लावायचे. असे राज्य-उभारणीचे ऑनलाइन डाव खेळणाऱ्या आणि चालवणाऱ्या वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यातले सात आज घेतो.

प्रश्न : आम्ही मित्रांनी चाळीस पानांची नियमावली लिहिली. व्यापार, धर्म, नौदल, हेरगिरी, सगळं आहे. अकरा जणांनी नावं दिली, पण पहिल्या फेरीला चौघांचेच हुकूम आले. काय चुकलं? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : मेहनत वाया गेली असं समजू नका, पण ती चाळीस पानं सध्या कपाटात ठेवा. नवा खेळाडू पहिल्या रात्री फोन हातात घेऊन बसतो तेव्हा त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो : आता मी नेमकं काय लिहून पाठवू? याचं उत्तर पाच मिनिटांत मिळालं नाही, तर तो 'उद्या बघू' म्हणतो, आणि तो उद्या येत नाही.

ॲलन कॅलहॅमर यांचा 'डिप्लोमसी' हा खेळ १९५९ साली बाजारात आला. सात सत्ता, ३४ ठाणी, त्यातली १८ ज्याच्या हाती तो जिंकला. हुकूम फक्त चार : थांब, सरक, दुसऱ्याला मदत कर, फौज समुद्रापार ने. फासे नाहीत, खजिना नाही, धर्म तर नाहीच. एवढ्यावर लोक १९६३ पासून तो टपालाने खेळत आले, पुढे ईमेलने खेळू लागले. गुंतागुंत नियमांत नाही, ती खेळाडूंच्या आपसातल्या पत्रव्यवहारात आहे.

नियम लिहिण्याआधी एका फेरीचा हुकूम लिहून बघा. असा :

'खजिना ४०. नागपूरला किल्ला, खर्च १५. चंद्रपूरची फौज वरंगळकडे. बाकी फौजा जागेवर. शिल्लक २५.'

हा हुकूम समजायला जेवढे नियम लागतात तेवढेच पहिल्या फेरीला द्या. जमीन, पैसा, फौज. नौदलाचं पान एखादा खेळाडू 'मला जहाजं बांधायची आहेत' म्हणेल त्या दिवशी उघडा.

प्रश्न : आमच्या प्रत्येक डावात दहाव्या फेरीपर्यंत एक देश इतका मोठा होतो की बाकीचे कंटाळून सोडून जातात. मोठ्या देशावर दंड लावावा का? (कोल्हापूर)

उत्तर : मला सर्वांत जास्त पत्रं याच प्रश्नाची येतात.

आधी आकडे बघा. दोन देश सारख्याच उत्पन्नाने सुरू झाले. एकाचं उत्पन्न दर फेरीला १० टक्क्यांनी वाढतं, दुसऱ्याचं ५ टक्क्यांनी. वीस फेऱ्यांनंतर पहिल्याचं ६.७ पट झालेलं असतं, दुसऱ्याचं २.६५ पट. एकही लढाई न होता पहिला दुसऱ्याच्या अडीच पट झाला. म्हणजे चक्रवाढ हाच तुमच्या डावातला सर्वांत बलाढ्य सेनापती आहे.

सरळ दंड मात्र लावू नका. चांगलं खेळल्याची शिक्षा कुणालाच पटत नाही. त्याऐवजी राज्यकारभाराचा खर्च लावा, कारण मोठं राज्य सांभाळायला कारकून, रस्ते, ठाणी लागतातच. मी वापरतो तो हिशोब सोपा आहे. दर प्रांताचं उत्पन्न १०. खर्च काढताना प्रांतांच्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला ४ ने भागायचं. ४ प्रांतांवर हाती ३६ उरतात, ८ वर ६४, १२ वर ८४, १६ वर ९६ आणि २० वर १००. पहिल्या चार प्रांतांचे आठ केले की २८ ची भर पडते, सोळाचे वीस केले की फक्त ४ ची. वाढायला बंदी कुणालाच नाही, पण सतराव्या प्रांतासाठी लढाई करावी का, हा विचार मोठ्या राजालाही करावा लागतो.

एवढ्याने भागत नाही. मोठा थोडा हळू वाढला, तरी धाकट्याला खेळायला काही उरलं का? एका डावात बाराव्या फेरीला एका खेळाडूकडे दोन प्रांत राहिले होते. त्याचा मेसेज आला : 'पाठवण्यासारखं काही उरलंच नाही, तुम्हीच काय ते लिहा.' मी त्याच्या नावे 'फौज जागेवर' असं लिहिलं आणि पुढे गेलो. दोन फेऱ्यांनी तो गेला. त्या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. हरणाऱ्याच्या हातात करण्याजोगं काहीच न ठेवणारे नियम मीच लिहिले होते.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली 'डिप्लोमसी'तून घेतली. तिथे सगळ्या फौजा सारख्याच ताकदीच्या असतात, जोर वाढतो तो दुसऱ्या फौजेने मदत केली तरच. त्यामुळे एक फौज उरलेला राजासुद्धा दोन बड्यांच्या लढाईचा निकाल फिरवू शकतो. पुढच्या डावात हाच खेळाडू एका खिंडीच्या तोंडाशी एकच फौज घेऊन बसला होता आणि तिघेजण रोज संध्याकाळी त्याची मनधरणी करत होते. तो डाव त्याने शेवटच्या फेरीपर्यंत खेळला.

दुसरी गोष्ट आपल्याच इतिहासातली. बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. सुभे नावाला मोगलांचेच राहिले, पण वसुलीतला २५ टक्के आणि वर १० टक्के वाटा मराठ्यांचा झाला. जिंकलेला आणि न जिंकलेला यांच्या मधली ही अवस्था बऱ्याच नियमावल्यांत नसते, म्हणून प्रत्येक लढाई नामशेष होईपर्यंत चालते. माझ्या डावात हरणारा देश मांडलिक होऊ शकतो. उत्पन्नाचा चौथा हिस्सा द्यायचा, जमीन स्वतःकडे ठेवायची, आणि त्याच्यावर कुणी चालून आलं तर धन्याने मदतीला जायचं. धनी आला नाही तर त्याच फेरीला खंडणी बंद. मांडलिकांना मी सर्वांत चुरशीने खेळताना पाहिलं आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, एकजण सिडनीत, बाकी सगळे पुण्यात. डेडलाइन रविवारी रात्री नऊ. कुणाचा ना कुणाचा हुकूम राहतोच. (न्यू जर्सी)

उत्तर : भारतात रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात तुमच्याकडे सकाळचे साडेअकरा आणि सिडनीत सोमवारची पहाटेची दीड. नोव्हेंबरपर्यंत दोन्हीकडची घड्याळं सरकलेली असतात : तुमचे साडेदहा, त्यांचे अडीच. त्यामुळे वेळ भारतीय घड्याळाचीच जाहीर करा, पण हुकूम गुरुवारपासून घ्यायला लागा आणि शेवटच्या क्षणापर्यंत बदलू द्या. सगळे हुकूम एकदमच उघडायचे असतील, तर आधी पाठवणाऱ्याचं काहीच बिघडत नाही.

शिवाय प्रत्येकाकडून पहिल्याच फेरीला एक कायमचा हुकूम लिहून घ्या : 'माझं काही आलं नाही तर किल्ल्यांची डागडुजी करा, फौजा हलवू नका.' सलग दोन फेऱ्या कुणी गप्प राहिलं तर तिसऱ्या फेरीपासून राखीव यादीतला कारभारी नेमा आणि मूळ खेळाडू परतला की राज्य त्याला द्या. 'रजेवरच्या देशावर हल्ला नको' हा नियम मी करून पाहिला आणि काढून टाकला. लोक लढाई तोंडावर आली की रजा टाकायला लागले. गणपतीत आणि दिवाळीत सगळा डावच थांबवा.

प्रश्न : लढाईचा निकाल फाशांवर लावला की पंचावर संशय येतो, आणि नुसत्या संख्येवर लावला की मोठी फौज नेहमी जिंकते. मधला रस्ता आहे का? (ठाणे)

उत्तर : आहे. ब्रिटिश इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ मध्ये याचं गणित मांडलं. १० तुकड्या ६ तुकड्यांवर आल्या. समोरासमोर एकास एक लढले तर दहावाल्याकडे ४ उरतात. पण मोकळ्या मैदानात सगळे एकाच वेळी मारा करू शकत असतील तर ताकद संख्येच्या वर्गाने वाढते : १०० वजा ३६ म्हणजे ६४, त्याचं वर्गमूळ ८. दहावाल्याचे फक्त दोनच कामी आले! म्हणून वर्गाचा नियम सगळीकडे लावला की जो तो सगळी फौज एका ठिकाणी गोळा करतो.

मी दोन्ही हिशोब वापरतो. मैदानात वर्गाचा, खिंडीत आणि किल्ल्यावर साध्या वजाबाकीचा. १६६० मध्ये बाजीप्रभू घोडखिंडीत का उभे राहिले, हे ज्याला माहीत आहे त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. नकाशात खिंडी कुठे आहेत हे लहान देश पहिल्या दिवसापासून बघून ठेवतात.

आता नशीब. फासे पंचाच्या हाती ठेवूच नका. माझ्या डावात हुकूम गुरुवारी रात्री बंद होतात आणि शुक्रवारी सेन्सेक्स बंद होतो तेव्हा दशांश चिन्हानंतरचे दोन अंक आम्ही धरतो. ००पासून ९९पर्यंत काहीही येऊ शकतं, ते आधी कुणाला ठाऊक नसतं, आणि नंतर सगळ्यांना तपासता येतं. बाजाराला सुटी असेल तर त्यानंतरचा पहिला कामकाजाचा दिवस. आकडा २० च्या खाली आला तर हल्लेखोराची एक तुकडी कमी धरायची, ८० किंवा वर आला तर एक जास्त, मधल्यात काही नाही. लढाया अनेक असतील तर पहिलीला तोच आकडा, पुढच्या प्रत्येकीला ३७ मिळवून शेवटचे दोन अंक. ६४ आला तर दुसरीला ०१, तिसरीला ३८. लढायांचा क्रम हुकूम उघडण्याआधीच ठरलेला हवा. मी प्रांतांच्या नावांचा अकारविल्हे क्रम घेतो.

प्रश्न : शेजारच्या देशाने माझ्याशी केलेला तह मोडून राजधानी घेतली. तो माझा कॉलेजातला मित्र आहे. आता आम्ही प्रत्यक्षातही बोलत नाही. तह मोडायला बंदी घालावी का? (सातारा)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बंदी घालू नका, पण दोन प्रकारचे तह वेगळे करा.

१६६५ चा पुरंदरचा तह बघा. २३ किल्ले द्यायचे, १२ ठेवायचे. ही कलमं मोजता येतात. अशी कलमं, म्हणजे प्रांत, खंडणी, ओलीस ठेवलेली फौज, पंचाकडे नोंदवावीत आणि पंचाने ठरल्या फेरीला ती आपोआप अमलात आणावीत. 'आम्ही एकमेकांवर हल्ला करणार नाही' हा मात्र शब्द आहे. 'डिप्लोमसी'त अशा शब्दाला नियमांचं कसलंच संरक्षण नाही, आणि मलाही ते पटतं. पण नोंदवलेले सगळे तह आणि कोणी कधी मोडले, ही वही सर्वांना उघडी ठेवा. पुढच्या वेळी तह करताना लोक ती चाळतात. आणि राजधानी गेली म्हणजे राज्य संपलं, असा नियम तुमच्याकडे असेल तर तो आधी काढा. राजधानी हलवता आली पाहिजे.

दुसरं, पत्र कोणाचं आहे हे स्पष्ट असू द्या. आमच्याकडे प्रत्येक मेसेजच्या वर 'माळव्याचा वकील' किंवा 'बंगालचा दिवाण' असं लिहावंच लागतं. फसवायचं ते वकिलाने वकिलाला. मित्र म्हणून दिलेला शब्द डावात वापरला, तर ती फेरी रद्द. तुमच्या मित्राला मात्र आज फोन करा. डावाबद्दल नको, आधी दुसरंच काही बोला.

प्रश्न : एकजण दोन नावांनी दोन देश चालवतोय असा दाट संशय आहे. पकडायचं कसं? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पकडायच्या मागे लागू नका, निरपराध माणूस दुखावतो. एकतर्फी देणगीला खजिन्याच्या १० टक्क्यांची मर्यादा घाला आणि एका देशाने दुसऱ्याला प्रांत बक्षीस देणं बंद करा. मग दुसरा देश चालवण्यात फायदाच राहत नाही.

प्रश्न : मी पंच आहे आणि माणसं कमी असल्याने माझाही एक देश आहे. आता एका खेळाडूने नदीवर धरण बांधून खालच्या देशाचं पाणी तोडायचं ठरवलंय. नियमात धरण नाहीच. निकाल कसा देऊ? (गोवा)

उत्तर : आधी तुमचा देश दुसऱ्याला देऊन टाका. पंचाने सगळ्यांचे हुकूम आधी वाचलेले असतात. तुम्ही कितीही सरळ असलात तरी ते विसरून खेळता येत नाही.

जिथे नियम संपतात तिथे काय करायचं, हा वाद जुनाच. प्रशियाच्या सैन्यासाठी रायस्विट्झ यांनी १८२४ मध्ये युद्धखेळाचे नियम छापले, त्यात कोष्टकं होती, फासे होते. पुढे १८७६ मध्ये व्हर्डी द्यू व्हर्न्वा यांनी कोष्टकं बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ सोडला. लढाया कोष्टकाने आणि नव्या कल्पना पंचाने ठरवाव्यात, असं मला वाटतं. मात्र पंचाचा निर्णय त्याच दिवशी लिहून सगळ्यांना दिला पाहिजे आणि पुढे तो सर्वांना लागू झाला पाहिजे. मूळ नियम बदलायचे असतील, तर पीटर सुबर यांच्या १९८२ च्या 'नॉमिक' या नियम बदलण्याच्याच खेळातली एक युक्ती घ्या. तिथे काही नियम सहज न बदलणारे आहेत, काही मताने बदलणारे. सगळ्यांना दर फेरीला खेळायला मिळणं, हुकूम एकदम उघडणं, हे पहिल्या यादीत ठेवा. करांचे दर दुसऱ्या यादीत. आणि कुठलाही बदल दोन फेऱ्यांनंतरच लागू करा.

आता धरण. नाही म्हणू नका, कल्पना फार चांगली आहे. मी असा निकाल देईन : काम तीन फेऱ्या चालेल, दर फेरीला २० खर्च. पहिल्याच फेरीला खालच्या देशाला कळवायचं की वरच्या अंगाला दगड पडू लागले आहेत. फौज पाठवायची, वकील पाठवायचा, वरच्याच्या शत्रूशी हातमिळवणी करायची की पाण्याच्या बदल्यात धान्य देऊ करायचं, हे ठरवायला त्याला पूर्ण तीन फेऱ्या मिळतात. निकाल आजच पाठवा, म्हणजे त्याचा पहिला हुकूम याच फेरीत येईल.