तात्या विंचू आणि 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी हे खरंच एकाच माणसाने केलेत का? दिलीप प्रभावळकरांच्या करिअरबद्दल कोणी सांगेल का?

हो, एकच माणूस. 'दशावतार' बघून आल्यावर सर्च केलं तेव्हा कळलं आणि विश्वासच बसेना असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, आमच्या घरात हा धक्का खूप आधी बसून गेलाय.

तात्या विंचू नावाच्या खुनी बाहुल्याचा 'झपाटलेला' आला 1993 ला, मी तेव्हा पहिलीत वगैरे. आमच्या चाळीत गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणून रात्री पिक्चर लावायचे, त्यात तो लावला. दुसऱ्या दिवशी मी ताईची बाहुली पिशवीत घालून पिशवीला गाठ मारून माळ्यावर टाकली, ती दिवाळीच्या साफसफाईला सापडली आणि मग जो मार बसला तो वेगळा विषय. पुढे 2001 ला अल्फा मराठीवर (आताचं झी मराठी) 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका सुरू झाली, त्यातले आजोबा म्हणजे आबा, सगळं घर ताटं घेऊन टीव्हीसमोर, आणि एकदा जेवता जेवता चुलतभाऊ सहज म्हणाला, अरे आबा म्हणजेच तात्या विंचू ना. मी दोन दिवस त्याच्याशी भांडत होतो. आबा? आमचे आबा? शक्यच नाही.

आता थोडं माझं सांगतो म्हणजे माझं उत्तर कुठे झुकलंय ते कळेल. मी छोटीमोठी व्हॉइसओव्हर आणि डबिंगची कामं करतो, कोणी ओळखत नाही आणि ओळखायचं कारणही नाही. त्यामुळे मी प्रभावळकरांकडे कानाने बघतो. लोक त्यांच्या मेकअपबद्दल बोलतात, गेटअपबद्दल बोलतात, 'ओळखूच आले नाहीत' म्हणतात. मला वाटतं तो माणूस आधी आवाज शोधतो आणि चेहरा मागून येतो. हे त्यांनी कुठे सांगितलंय म्हणून नाही म्हणत, माझं आपलं बघून बघून झालेलं मत आहे.

तात्या विंचूच घ्या. तो गुंड म्हणून स्वतः प्रभावळकर पडद्यावर दिसतात ते सुरुवातीला. महेश कोठारेंचा इन्स्पेक्टर गोळी घालतो, तात्या मंत्र म्हणून बाहुल्यात घुसतो आणि तिथून पुढे जवळजवळ अख्खा पिक्चर त्यांचा चेहराच नाही, फक्त आवाज. बाहुला बोलक्या बाहुल्यांवाल्या रामदास पाध्यांचा. बोलक्या बाहुल्याचं कसं असतं, जबडा उघडतो आणि मिटतो, संपलं. माणसाच्या चेहऱ्यावर डबिंग करताना आमची सगळ्यात जास्त हवा टाइट करतात ती प फ ब भ म ही अक्षरं, शाळेत ओष्ठ्य म्हणून शिकवलेली, कारण तिथे ओठ मिटताना दिसतात आणि तुमचा 'म' अर्धा सेकंद मागे राहिला तरी बघणाऱ्याला खटकतं. बाहुल्याला ओठच मिटायचे नाहीत त्यामुळे ते टेन्शन नाही, पण मग दुसरं संकट येतं, तो चिडला की खूश झाला की घाबरवतोय की स्वतःच घाबरलाय हे निर्जीव थोबाडावर काहीच कळत नाही. ते सगळं आवाजात भरावं लागतं. तुम्ही एकदा तो पिक्चर टीव्हीकडे पाठ करून ऐका. तो खरखरीत आवाज मोठा होतो तेव्हा भीती वाटत नाही, तो हळू होतो तेव्हा वाटते. आणि मधेच तो एकदम गल्लीतल्या चिडक्या माणसासारखा वैतागतो, म्हणजे जीव घ्यायला निघालेला बाहुला आणि सूर मात्र दूधवाल्याने पाणी घातल्यासारखा. हसू येतं ते तिथे. वीस वर्षांनी 2013 ला 'झपाटलेला 2' थ्रीडीमध्ये आला, त्यातही आवाज त्यांचाच, आणि आमच्या थेटरात तात्याने तोंड उघडल्याबरोबर पंचविशी-तिशीतले बाप्ये शिट्ट्या मारत होते, त्यात मीही होतो.

सुरुवात कुठून झाली म्हणाल तर नाटकातून, नाटककार रत्नाकर मतकरींकडे. बालनाट्य करायचे. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण, जी आत्ताच्या मुलांना वैभव मांगलेंची म्हणून माहितीये, ती आधी प्रभावळकरांनी केलेली. लहान मुलं हा फार हरामखोर प्रेक्षक असतो (प्रेमाने म्हणतोय), आवडलं नाही तर टाळ्यांची वाट बघत नाही, सरळ शू लागली म्हणून उठतो. ज्याने चेटकिणीच्या आवाजात त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं त्याला पुढे मोठ्यांचं काय अवघड. त्याच मतकरींच्या 'आरण्यक'मध्ये विदुर केला तेव्हा ते साधारण तिशीचे, आणि चाळीसेक वर्षांनी, 2018 ला, ते नाटक परत आलं तेव्हा विदुर परत तेच. म्हणजे तरुणपणी म्हातारा केला आणि म्हातारपणी तोच परत केला.

मग दूरदर्शन. आई अजून प्रभावळकर म्हणत नाही, चिमणराव म्हणते. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ, सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर, ब्लॅक अँड व्हाइट, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ज्याच्याकडे टीव्ही त्याच्याकडे सगळी बिल्डिंग, आणि चपलांचा ढीग जिन्यापर्यंत, हे आईकडून इतक्यांदा ऐकलंय की मला स्वतः बघितल्यासारखं वाटतं. 1979 ला त्यावर पिक्चरपण आला. चिमणरावचा आवाज कसा, तर सारखी परवानगी मागत असल्यासारखा. वाक्य सुरू करतो जोरात आणि संपेपर्यंत स्वतःच घाबरतो. कोटटोपी काढून घेतली तरी तो चिमणरावच राहील.

आता मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायचंय ते, म्हातारे. म्हातारा आवाज काढ म्हटलं की आमच्यातले नव्वद टक्के लोक काय करतात, आवाजाला कंप देतात. कापरा आवाज, मधे एक खोकला, झाला आजोबा. स्टुडिओतपण हेच मागतात, 'सर थोडा कापरा द्या ना'. प्रभावळकरांचे म्हातारे एकामागे एक लावून बघा. टिपऱ्यांचे आबा अजिबात कापत नाहीत, ते टुणटुणीत आहेत, नातवाची फिरकी घेताना आवाजात शाळकरी पोराचा खट्याळपणा येतो, वय दिसतं ते फक्त बोलायच्या आधी जो जरा थांबा घेतात त्यात. 'हसवा फसवी' या नाटकातले कृष्णराव हेरंबकर हे संगीत नाटकातले थकलेले नट, तिथे श्वासच पुरत नाही, वाक्य मधेच तुटतं आणि ते तुटलेलं त्यांना स्वतःला कळत नाही. 'नारबाची वाडी' या पिक्चरमधला नारबा कोकणातला, चिवट, बोलण्यात हेल, मरायला टेकलाय असं सगळ्यांना वाटतंय पण आवाज सांगतो की हा एवढ्यात काय जात नाही. आणि गांधीजी. तिघांपेक्षाही वेगळे. हे म्हातारे करताना त्यांचं खरं वय काय होतं बघा, जन्म 4 ऑगस्ट 1944 चा, म्हणजे आबा सुरू झाले तेव्हा सत्तावन्न आणि हेरंबकर केले तेव्हा तर पन्नाशीच्या आसपास.

'हसवा फसवी'बद्दल अजून एक, ते नाटक त्यांनीच लिहिलंय आणि त्यात सहा भूमिका त्यांनीच करायच्या. एकाच प्रयोगात. विंगेत जायचं, कपडे बदलायचे, विग बदलायचा आणि दुसराच माणूस होऊन यायचं. विग बदलायला माणसं असतात हो मदतीला, घसा कोण बदलून देणार? मी एकदा चार तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये तीन कॅरेक्टर केली तर तिसऱ्यात पहिलंच डोकावायला लागलं आणि साउंड रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून हसत होता.

पण त्यांना नुसतं विनोदी नट म्हणून सोडून देऊ नका. जयवंत दळवींचं 'नातीगोती' हे नाटक, त्यात ते मतिमंद मुलाचे वडील होते, मुलगा अतुल परचुरे. आणि त्याच सुमारास, 1991 ला, 'चौकट राजा' आला, त्यात मतिमंद नंदू ते स्वतः. म्हणजे एकीकडे त्या मुलाकडे बघून आतून पिचलेला बाप आणि दुसरीकडे तेच मूल. मला नाही वाटत हा योग कुठल्या नटाला ठरवून जमेल. नंदूमध्ये एक मोठा खड्डा होता, असे रोल करताना लोक जीभ जड करून बोलतात आणि प्रेक्षकाला किळस नाहीतर कीव येते. नंदूला शब्द सापडतात तेव्हा तो खूश होतो, एवढं साधं धरलंय त्यांनी. मी तो पिक्चर पूर्ण दोनदाच बघू शकलोय.

व्हिलनपण केलेत. 'एन्काउंटर : द किलिंग' या हिंदी पिक्चरमध्ये नसीरुद्दीन शाहसमोर पुनप्पा नावाचा गँगवाला, बघाच. रामगोपाल वर्मांच्या 'सरकार राज'मध्येही आहेत.

गांधीजींचं तुम्ही मुद्दाम विचारलंय. 2006. गांधीजींचा खरा आवाज रेकॉर्डिंगवर आहे, कोणालाही ऐकता येतो, आणि नक्कल करायची तर ती कोणीही बरा मिमिक्रीवाला करेल. प्रभावळकर तिकडे गेलेच नाहीत. त्यांचे गांधीजी मुन्नाशी ज्या आवाजात बोलतात तो दुपारी ओसरीवर बसलेल्या आजोबांचा आहे, सल्ला देतात पण ऐकलंच पाहिजे असा सूर नाही, आणि मिश्कीलपणा फक्त वाक्याच्या शेवटी येतो, तोही येऊन लगेच जातो. समोर संजय दत्तचा तो भरदार आवाज, त्यामुळे यांचा हळू आवाज अजून कानात बसतो. त्या वर्षी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'लगे रहो' आणि मराठी 'शेवरी' अशा दोन्हींसाठी मिळून, हे दुसरं नाव हिंदीवाले लिहायचं विसरतात.

लेखक म्हणूनही तेच. टिपरे हे त्यांच्याच 'अनुदिनी' या लेखनावरून आलं, एका घरातली सगळी जणं डायरी लिहितात. प्रत्येकाची भाषा वेगळी, सुनेची वेगळी, नातवाची वेगळी, नाव झाकून वाचलं तरी कोण लिहितंय ते कळतं. मुलांसाठी 'बोक्या सातबंडे' लिहिलं. स्वतःबद्दलचं पुस्तक 'एका खेळियाने'.

एक तक्रार आहे, त्यांच्याबद्दल नाही, त्यांना बोलावणाऱ्यांबद्दल. टिपरे आणि गांधीजींनंतर बऱ्याच जणांनी त्यांना 'गोड आजोबा' म्हणून वापरलं, दोन सीन, एक उपदेश, एक हसू, बाय. ज्या माणसाकडे एवढी भांडी आहेत त्याला फक्त चहाचा कप द्यायला सांगायचा. म्हणून 2025 चा 'दशावतार' मला आवडला. एक्क्याऐंशीव्या वर्षी दशावतारी नट बाबुली मेस्त्री, म्हणजे परत सोंगं घेणारा माणूसच, आणि रंग लावलेला नसतानाचा बाबुली जेवढा हळू बोलतो तेवढाच रंग लावल्यावरचा छातीतून बोलतो. तुम्ही तो बघितलाय, त्यामुळे जास्त सांगत नाही.

कुठून सुरू करायचं विचारलंत तर टिपरेचे चारपाच भाग बघा, मग 'चौकट राजा' (दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर), मग 'हसवा फसवी'. 'झपाटलेला' शेवटी ठेवा. आणि घरात पाच-सहा वर्षांचं कोणी असेल तर ते झोपल्यावर लावा, नाहीतर दिवाळीत माळा आवरताना बघालच.