हळू चाललं की जास्त फॅट जळतं, मग जोरात पळायचं कशाला?

जिममधल्या ट्रेडमिलसारख्या मशीनवर 'फॅट बर्निंग झोन' लिहिलेलं असतं ना, त्यावरूनच हा गोंधळ होतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. हळू व्यायामात शरीर फॅट आणि साखर दोन्ही वापरतं पण फॅटचा वाटा जास्त असतो, आणि जसजसा जोर वाढतो तसतसं स्नायूंना झटपट एनर्जी लागते, मग ते ग्लायकोजेनकडे, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेकडे वळतात कारण फॅटमधून तेवढ्या वेगाने एनर्जी निघत नाही.

पण टक्केवारी वेगळी आणि एकूण आकडा वेगळा. समजा अर्धा तास चालून १५० कॅलरी गेल्या आणि त्यातल्या ६०% फॅटमधून, म्हणजे ९०. तेवढाच वेळ पळून ३०० गेल्या आणि फॅटचा वाटा ३५%च, तरी १०५ झाल्या, शिवाय एकूण खर्च डबल! अगदी दम लागेपर्यंत स्प्रिंट मारलीत तर मात्र फॅटचा वापर खरंच खाली येतो.

आणि व्यायामात साखर जास्त वापरली गेली तर नंतर आराम करताना शरीर फॅट जास्त वापरतं, त्यामुळे वजन कमी करायचं असेल तर दिवसभरात, आठवडाभरात खाल्लं किती आणि खर्च किती हेच बघा, झोन वगैरे विसरा. व्यायामानंतरही कॅलरी जळत राहतात म्हणतात ते खरंय पण फार थोड्या, त्यावर अवलंबून राहू नका. गुडघे दुखत असतील किंवा नवीनच सुरुवात असेल तर बिनधास्त चाला, फक्त वेळ जास्त द्या.