पार, चावडी की चव्हाटा?

वास्तुकलेच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न : गावासाठी वाचनालयाचा आराखडा करतेय, पुढे कुणालाही येऊन बसता येईल अशी मोकळी जागा आहे. तिला 'चावडी' म्हटलं तर चालेल का? की पार, चावडी, चव्हाटा सगळं एकच?

एकच नाही. क्रियापदं लावून बघा, फरक लगेच कळेल. पारावर माणूस आपण होऊन टेकतो, चावडीवर त्याला बोलावणं येतं. चावडी म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांची कचेरी. सारा भरायचा तिथे, तंटे निकाली निघायचे तिथे. सातबाऱ्याचं 'चावडी वाचन' आजही होतं ते त्याच अर्थाने. कन्नड-तेलुगूतही चावडी आहे आणि तमिळमध्ये सावडी, तिथे ती वाटसरूंच्या मुक्कामाची जागासुद्धा असते. शिर्डीत साईबाबा एकाआड एक रात्र चावडीतच झोपत, म्हणजे आपल्याकडेही ती अगदीच रुक्ष नव्हती. तरी नावाला कचेरीचा वास आहेच.

पार म्हणजे वडा-पिंपळाभोवतीचा ओटा. बाहेरून घडीव दगड, आत मातीची भर, त्यामुळे पाणी मुळांपर्यंत मुरतं. जुन्या पारांच्या दगडांवर वाघबकरीच्या खेळाचे पट कोरलेले सापडतात, इतकी तिथली बैठक लांबायची. (हल्ली वर फरशी बसवून, सिमेंट ओतून झाडाचाच गळा आवळतात.) पुण्यात सदाशिव पेठेतला नागनाथ पार पत्ता सांगायच्याही कामी येतो.

चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. तिथे बांधकाम असायलाच हवं असं नाही आणि मराठीत तिथे येतात त्या भानगडी. ते नाव नकोच.

मात्र 'गावाचा पार' लिहिताना एक भान असू द्या. तो साऱ्या गावाचा कधीच नव्हता. महारवाड्याची बैठक वेगळी, 'तक्क्या'त भरायची. बायका वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळायला जात, पण पारावर बसून गप्पा ठोकणं पुरुषांचं काम. तुमच्या आराखड्यात बायकांना आणि खालच्या आळीतल्या पोरांना निःसंकोच बसता येणार असेल, तर नाव जरूर 'पार' ठेवा, पण झाड असेल तरच. झाड नसेल तर सरळ 'कट्टा' म्हणा, त्याला ना पाटील लागतो ना पिंपळ.