कौलारू घर, दोन मॉनिटर आणि सकाळची पाळी

प्रश्न : मी परिचारिका असून नोकरीनिमित्त नुकतीच रत्नागिरीत राहायला आले आहे. शहराबाहेरच्या एका जुन्या कौलारू घराचा अर्धा भाग आम्ही दोघींनी भाड्याने घेतला आहे. माझी रूममेट एका पुण्याच्या कंपनीचे काम घरून करते. सुटे भाग आणून तिने स्वतः जुळवलेला मोठा संगणक आणि दोन मॉनिटर हा तिचा जीव की प्राण आहे. काम संपले की ती रात्री उशिरापर्यंत गेम खेळते, आणि मला सकाळच्या पाळीसाठी पाचला उठावे लागते. पहिलेच वीजबिल अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आले. त्यातच घरमालकीण काकूंनी ‘जुन्या वायरिंगवर एवढा भार नको’ असे बजावले आहे. मुलगी स्वभावाने चांगली आहे, मला तिच्याशी भांडायचे नाही. काय करावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपण झोपेची तक्रार आधी मांडली असली, तरी मी काकूंच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण पाऊस तोंडावर आला आहे. असा संगणक गेम चालू असताना साधारण 300 ते 400 वॉट वीज घेतो; इस्त्री 1000 वॉटच्या आसपास आणि गीझर 2000 वॉटपर्यंत घेतो. म्हणजे भाराची काळजी करायचीच असेल, तर ती इस्त्री आणि गीझर एकाच वेळी लावण्याची करावी. मला खरी चिंता वाटते ती अर्थिंगची. जांभ्या चिऱ्याच्या जुन्या घरांत पुष्कळदा तीन पिनांचा सॉकेट बसवलेला असतो, पण तिसऱ्या पिनेची तार जमिनीपर्यंत पोहोचलेलीच नसते. अशा ठिकाणी संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला हात लागला की झिणझिण्या येतात. पावसाळ्यात लादी ओली आणि पाय अनवाणी असताना ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या. घराच्या वायरिंगचा हा खर्च काकूंनी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र ते सांगायला दोघी मिळून जा.

कोकणात विजांचा जोर पावसाच्या आधी आणि परतीच्या वेळी अधिक असतो. गडगडाट सुरू झाला की नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवावा लागतो. इंटरनेट तांब्याच्या तारेवरून येत असेल, तर तीही तार राउटरपासून सोडवावी; फायबरमधून मात्र वीज वाहत नाही. वीज गेली की संगणकासाठीचा छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीची पेटी, काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरती काही मिनिटे देतो, त्याच्या भरवशावर दुपार काढता येत नाही. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती, हे ध्यानात घेऊन आपल्या मैत्रिणीने, जिची नोकरीच या यंत्रावर चालते, पर्यायी सोय आधीच करून ठेवलेली बरी. टेबल पावसाची झड लागणाऱ्या भिंतीपासून हातभर दूर असावे. यंत्र रोज थोडा वेळ चालू राहिले तर आतली ऊब त्याला कोरडे ठेवते. आठवडेच्या आठवडे प्लास्टिकखाली झाकलेला संगणक आपल्याकडे हमखास गंजतो.

बिलाचे गणित सोपे आहे. सरासरी 300 वॉट आणि रोज आठ तास धरले, तर महिन्याला 72 युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरांत 100 युनिटनंतर आणि पुन्हा 300 युनिटनंतर दर चढतो, त्यामुळे वाढीव वापर नेमका महागड्या टप्प्यात जातो. तरीही कोणाचे युनिट आधीचे आणि कोणाचे नंतरचे, असा वाद घालू नये. तिच्या टेबलासाठी एक सबमीटर लावा, एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागा आणि त्या सरासरी दराने तिचे युनिट तिच्याकडे धरा. उरलेले निम्मे निम्मे.

आता झोप. जुन्या कौलारू घरांत आतल्या भिंती बऱ्याचदा कौलांपर्यंत जात नाहीत, त्यामुळे दार लावले तरी कीबोर्डची टकटक आणि मॉनिटरचा उजेड वरून पलीकडे येतो. हेडफोन लावून हा प्रश्न सुटत नाही. तिचे टेबल आपल्या खोलीपासून सर्वांत लांबच्या खोलीत हलवता येईल का, ते पाहा. कमी आवाजाचा कीबोर्ड कोणता, आवाज न करणारा पंखा कोणता, हे तिलाच विचारा; आपल्या आवडीच्या विषयात कोणी सल्ला मागितला की माणूस मोकळा होतो. बिल हातात धरून बोलायला बसू नका. पाळ्यांचा तक्ता फ्रिजवर लावा आणि सकाळच्या पाळीच्या आदल्या रात्री दहानंतर गेम बंद, एवढी एकच मागणी ठामपणे करा. आपली रात्रपाळी असेल तेव्हा आपण दिवसा झोपणार आणि त्याच वेळी तिच्या मीटिंग चालू असणार. तिथे तिचे काम आधी, हे आपण आपणहून सांगा.

बोलणे दोन दिवस पुढे गेले तरी चालेल, पण वायरमनला याच आठवड्यात बोलवा. मृग लागला की गावोगावी तारा तुटतात आणि मग तो सहजी हाती लागत नाही.