कमिशननंतरची वर्षे : सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलीस पत्र

दादर, मुंबई

चिरंजीव मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेची तयारी सुरू केल्याचे तू कळवलेस आणि सैन्यातल्या अधिकाऱ्याचे आयुष्य प्रत्यक्षात कसे असते हेही विचारलेस, याचा मनापासून आनंद झाला. लेखी परीक्षेबद्दल आणि एसएसबीबद्दल, म्हणजे अधिकारी निवडण्याच्या पाच दिवसांच्या चाचणीबद्दल, सांगणारे तुला मुंबईत पावलोपावली भेटतील, त्यात मी भर घालत नाही. एवढेच सांगतो की एसएसबीला पाठ केलेली उत्तरे घेऊन जाऊ नकोस. मानसशास्त्रज्ञ, गटचाचणी घेणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे तुला स्वतंत्रपणे पारखतात, आणि उसने अवसान पाच दिवस टिकत नाही. मला लिहायचे आहे ते कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळाल्यानंतरच्या वर्षांविषयी, कारण वर्दीच्या ओढीने येणाऱ्या मुलामुलींनी त्या वर्षांचा विचार सहसा केलेला नसतो.

आम्हा बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलातल्या, लोकांना सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची कथा पुण्याजवळच्या खडकीच्या केंद्रातल्या पहिल्या दिवसांतच ऐकायला मिळते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे दूर करताना ते पहिल्याच दिवशी जखमी झाले, तरी मागे न जाता त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली आणि त्यासाठी त्यांना परमवीर चक्र मिळाले. ते काही दिवस सर्वांना ठाऊक आहेत. परंतु १९४० मध्ये जवान म्हणून भरती झालेले राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, आणि त्या मोठ्या कालखंडातल्या रोजच्या कामाबद्दल कोणी बोलत नाही. अधिकाऱ्याची नोकरी म्हणजे मुख्यतः तेच काम. इंजिनिअर्समध्ये आलीस तर रस्ते, पूल, पाणी आणि सुरुंग यांतच तुझी वर्षे जातील. क्वचित ते काम घराजवळही येते. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन माणसे गेली, त्यानंतर तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला सॅपर्सनी पादचारी पूल उभारले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. रांगेत उभे राहून त्या पुलावरून जाणाऱ्या माणसाला तो सॅपर्सच्या कोणत्या कंपनीने (तुकडीने) बांधला हे ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नसते.

नवा लेफ्टनंट युनिटमध्ये येतो तेव्हा त्याच्या हाताखाली त्याच्या वडिलांच्या वयाचा सुभेदार असतो. तो तुला सॅल्यूट करेल, आणि तोच तुला काम शिकवेल. सुरुंग शोधताना सळई जमिनीत तिरकी घालायची, उभी नाही, कारण सुरुंगाच्या कुशीला ती लागली तर तो कळतो आणि माथ्यावर दाब पडला तर तो उडतो, हे तू पुस्तकात वाचलेले असेल. पण गुडघे टेकून, श्वास आवरून, बोटांच्या दोन पेरांएवढ्या अंतराने पुढे कसे सरकायचे हे सुभेदारसाहेबच दाखवतात. माणसांच्या बाबतीतही तसेच आहे. कंपनी ऑफिसात जवान सावधान उभा राहतो आणि विचारले की ‘सब ठीक है साहब’ एवढेच म्हणतो. मग संध्याकाळी सुभेदारसाहेब दारात येतात, बस म्हटले तरी बसत नाहीत, आणि हळूच सांगतात की तो पोरगा लंगरमध्ये आला की ताट घेतो, पण जेवत नाही. चौकशी केल्यावर कळते की गावाकडे भावकीत जमिनीचा वाद पेटला आहे आणि घरी म्हातारी आई एकटी आहे. त्याची रजा मंजूर करणे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र लिहिणे आणि तो परतल्यावर काय झाले ते विचारणे, हे सारे तुझे काम आहे. जो अधिकारी हे कारकुनावर सोपवतो त्याच्यामागे माणसे हुकूम म्हणून जातात, विश्वासाने नाही. आणि सुरुंगांच्या पट्ट्यात विश्वासाचीच गरज लागते.

बढतीबद्दल स्पष्ट लिहितो. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर आणि तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल हे पद सेवाकालानुसार मिळते. त्यापुढे कर्नलपदासाठी निवड मंडळ बसते आणि तिथे सोबतच्या कित्येक चांगल्या अधिकाऱ्यांची वाट अडते, कारण वरच्या जागाच कमी असतात. ज्यांची निवड झाली नाही तेही चोपन्नाव्या वर्षापर्यंत त्याच निष्ठेने नोकरी करतात. माझ्या मते सैन्याचा कणा तेच आहेत, आणि त्यांच्याविषयी मला अत्यंत आदर आहे. केवळ जनरल होण्याच्या आशेने येणार असशील तर थांब आणि पुन्हा विचार कर.

तू मुलगी आहेस म्हणून एक वेगळी गोष्ट लिहिणे भाग आहे. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. त्या सतरा जणी होत्या. पायदळ आणि रणगाडा दल अद्याप स्त्री अधिकाऱ्यांना खुले नाही. इंजिनिअर्स, सिग्नल्स, तोफखाना ही दले मात्र खुली आहेत. तुझ्याकडे पहिली काही वर्षे सगळ्यांचे बारीक लक्ष राहील. तू आपले काम चोख कर, धावण्याची वेळ आणि नकाशावाचन कोणाहीपेक्षा कमी पडू देऊ नकोस.

दर दोन-तीन वर्षांनी बदली होईल, फील्डमध्ये, म्हणजे सीमेसारख्या ठिकाणी तैनात असताना, कुटुंब सोबत नसेल, मुलांच्या शाळा बदलतील आणि गणपतीत घरी येणे पुष्कळदा हुकेल. माझ्या पत्नीने एकटीने घर सांभाळले म्हणून मी नोकरी करू शकलो. तुझ्या बाबतीत हा भार कोण उचलेल, हे लग्नाआधीच मोकळेपणाने बोलून घेणे आवश्यक आहे. तुझ्या आईवडिलांच्या मनातही हेच असणार, आणि त्यांच्या काळजीला भित्रेपणा समजू नकोस. लेखी परीक्षा आटोपली की एखाद्या रविवारी सकाळी त्यांना घेऊन आमच्याकडे ये. त्यांचे प्रश्न त्यांनी मला विचारावेत, आणि आईने माझ्या पत्नीला विचारावेत. आम्ही दोघे काहीही न लपवता उत्तरे देऊ.

तुझे काका