भंगारात टाकण्याआधी एकदा उघडून बघा

या खेपेला बरेच प्रश्न आले, त्यातले सहा घेतलेत. सगळ्यांचा सूर साधारण एकच होता, वस्तू बिघडली आता नवी घेऊ का? म्हणून आधी काय झालंय तेच बघायचं म्हणते, मग पैशांचं बोलू.

प्रश्न : ताई, २०१५ सालचा लॅपटॉप आहे, आय-थ्री, ४ जीबी रॅम. चालू करून चहा पिऊन झाला तरी डेस्कटॉप येत नाही. दुकानदार म्हणतो यात पैसे घालू नका, नवाच घ्या. मुलगी बारावीला आहे, तिला पीडीएफ वाचायला आणि लेक्चर बघायला हवाय. (सातारा)

नवा घेऊ नका, निदान लगेच तरी नको. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि मशीन रडत असताना डिस्कचा आकडा बघा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकलीये आणि प्रोसेसर निवांत आहे असं दिसलं की समजा दुखणं डिस्कचं आहे. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेरे मारणारी चकतीवाली हार्ड डिस्क असायची, आणि विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली वाचायच्या असतात, त्या सगळ्या चकतीवर विखुरलेल्या, म्हणजे प्रत्येक वेळी डिस्कचं डोकं त्या जागी सरकणार, जागा फिरून खाली येईपर्यंत थांबणार आणि मग वाचणार. एकेका वाचनाला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एसएसडी म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच, तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं. दुकानात अडीच इंची साटा एसएसडी मागा, २४० किंवा २५६ जीबीची पुरे.

गेल्या महिन्यात मावशीचा असाच लॅपटॉप उघडला. मी नेहमी एक करते, कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढते आणि जिथला स्क्रू तिथेच कागदात टोचून ठेवते, कारण स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर थेट बोर्डाला भोक पडतं. आधी बॅटरी काढायची. झाकणाच्या फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवत हळूहळू फिरवलं की लॉक टकटक सुटत जातात, स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं नाही. आत पंख्याच्या मागच्या जाळीवर धुळीची अक्षरशः गोधडी बसली होती, ती ब्रशने काढली. पंखा बोटाने धरून ठेवा बरं का, फुंकर मारून गरगर फिरवू नका.

रॅम ८ जीबी करता आली तर उत्तम, पण जुन्या पट्टीवरचं लेबल वाचूनच घ्या. पीसी३एल लिहिलं असेल तर ती १.३५ व्होल्टवर चालणारी आहे, तिथे १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ घालून बसू नका, दोन्ही दिसायला सारख्याच.

आता सॉफ्टवेअर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खालच्या इंटेल प्रोसेसरवर बसत नाही, तुमचा त्याच्या बराच आधीचा आहे. मुलीची गरज पीडीएफ आणि लेक्चरची, त्याला लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, छान चालतं. पेनड्राइव्हवरून सुरू करून बघता येतं, आतल्या कशाला हात न लावता, वायफाय आणि आवाज नीट चालतोय ना तेवढं तपासा आणि मगच टाका. त्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करून ठेवा, हे सगळ्यात आधी.

प्रश्न : ऑनलाइन ६०० रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळाला. भावाच्या लग्नाचे फोटो टाकले. नावं सगळी दिसतात पण निम्मे उघडतच नाहीत. रिकव्हर होतील का? (परभणी)

वाईट वाटतंय सांगताना, पण जे उघडत नाहीत ते त्यात बहुतेक नाहीतच. आत खरी मेमरी ३२ किंवा ६४ जीबीची असते आणि ती सांभाळणाऱ्या कंट्रोलर चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, कॉम्प्युटरने विचारलं किती जागा तर तो सांगतो २ टीबी. खरी जागा भरली की पुढचं लिखाण एक तर हवेत जातं नाहीतर आधीच्या फाइलींवर बसतं. नावं दिसतात कारण नावांची यादी सुरुवातीच्या भागात लिहिली जाते, तो भाग खरा असतो.

लगेच करायचं ते एवढंच, त्यात आणखी काहीही टाकू नका आणि फोटोग्राफरला आजच फोन करून विचारा की मूळ कार्ड किंवा त्याच्या हार्ड डिस्कवरची कॉपी शिल्लक आहे का. कार्ड फॉरमॅट झालं असेल पण त्यावर नवीन शूटिंग झालं नसेल तर फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर बरंच परत काढतं. पेनड्राइव्ह तपासायचा असेल तर उघडणारे फोटो आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या, मग विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफथ्री. दोन्ही पूर्ण जागा भरून लिहितात आणि परत वाचून ताडून बघतात, त्यामुळे वेळ लागतो, रात्री लावून ठेवा. तो रिपोर्ट विक्रेत्याला पाठवा, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

एक मात्र, १ टीबीची चांगली डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने भागतं, म्हणून आकडा कमी दिसतो.

प्रश्न : मोबाईल रात्रभर चार्जिंगला ठेवला तर बॅटरी जाते का? (डोंबिवली)

फुल झाल्यावर फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो, त्यामुळे स्फोटबिट होईल ही भीती सोडा. लिथियम बॅटरीला खरा त्रास दोन गोष्टींचा, उष्णता आणि सतत १०० टक्क्यांवर बसून राहणं. उशीखाली ठेवून चार्ज करू नका, जाड कव्हर असेल तर काढा, आणि सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर चालू करा. बाकी फार जपत बसू नका, बॅटरी ही बदलायचीच वस्तू आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांनी २००१ ते २००८ मध्ये आमच्या गावाचा इतिहास टाईप करून ठेवला होता, ३०० पानं. ते आता नाहीत. फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो. फाइल करप्ट झाली का? (भोर)

नाही झालेली. कचरा दिसतोय याचाच अर्थ अक्षरं जागेवर आहेत, हरवलाय तो फक्त फॉन्ट. हा प्रश्न वाचून मी सगळी कामं बाजूला ठेवली, कारण महाराष्ट्रात घरोघरी अशा फाइली पडून आहेत, आजोबांच्या आठवणी, मंडळांचे अहवाल, कवितांच्या वह्या, आणि लोक कचरा समजून त्या डिलीट करतायत.

झालंय असं की तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवून केलेले होते. कृती देवचं उदाहरण घ्या. त्यात ‘मराठी’ हा शब्द फाइलीत ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशा पाच इंग्रजी अक्षरांचा असतो, फॉन्ट त्या पाचांना म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी असं रूप देतो. फॉन्ट काढला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणारी अक्षरं साठवायची पद्धत, त्यात तसं नाही, तिथे म म्हणजे मच, फॉन्ट कुठलाही लावा.

मग करायचं काय? मूळ फाइलीच्या दोन कॉप्या करा, एक पेनड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर, आणि मूळ फाइलीला हात लावू नका. कॉपी लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा, मजकुरावर कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव येतं ते लिहून घ्या, फॉन्ट मशीनवर नसला तरी नाव तिथे दिसतं. मग वडिलांचा जुना कॉम्प्युटर घरात असेल तर त्याच्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तोच फॉन्ट उचला. बंद पडलेला असला तरी फेकू नका, त्याची हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घालून वाचता येते. फॉन्ट बसवला की पानं मराठीत उभी राहतील. त्याच क्षणी पीडीएफ करून ठेवा, निदान वाचता येण्यासारखी एक प्रत पक्की झाली.

आता हा मजकूर युनिकोडमध्ये आणायचं. कन्व्हर्टर ऑनलाइन आहेत, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला लावला की नवाच कचरा तयार. आणि अडचण नुसती अक्षरं बदलण्याची नसते, क्रमाची असते. कृती देवमध्ये ‘दिवस’ टाईप करताना आधी वेलांटी आणि मग द, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये बोलतो तसं, आधी द मग वेलांटी. रफाराचं उलटं, ‘सूर्य’ मधला रफार जुन्या फाइलीत सगळ्यात शेवटी असतो आणि युनिकोडमध्ये र् हा य च्या आधी यावा लागतो. चांगला कन्व्हर्टर ही उलटापालट करतो, भिकार कन्व्हर्टर करत नाही आणि वेलांट्या शेजारच्या अक्षराला चिकटतात.

म्हणून ३०० पानं एकदम टाकू नका. दहा पानं करा, शेजारी पीडीएफ उघडी ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा, कान चुका पकडतात. वेलांटी, रफार, क्ष, ज्ञ, त्र आणि ‘ऱ्य’ मुद्दाम तपासा. आचाऱ्यांना बोलावलं आणि आचार्यांना बोलावलं यात माणूसच बदलतो, आणि कन्व्हर्टर नेमका तिथेच घोटाळा करतो. चुकीचा नमुना सापडला की फाइंड-रिप्लेसने सगळीकडे सुधारा. ॲ चंही लक्षात ठेवा, हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्याआधी अ वर चंद्र जोडून काम भागवायचे, दिसायला दोन्ही सारखे पण सर्चमध्ये एकासाठी दुसरा सापडत नाही, सगळे एकाच पद्धतीचे करून घ्या.

शेवटची प्रत साध्या टेक्स्ट फाइलीतही ठेवा, ती कुठल्याही मशीनवर उघडेल. गावाच्या वाचनालयाला छापील प्रत द्या. आणि कन्व्हर्ट करताना अडलात तर एक पान आणि फॉन्टचं नाव मला पाठवा, मी बसते त्यावर.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून पाच वेळा जाते. इन्व्हर्टर नाही. मी घरून काम करतो, निदान वायफाय तरी चालू राहील असं काही? (राजापूर)

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, मोबाईललाही, उपाशी राहतो तो राऊटर. त्याच्यासाठी मिनी यूपीएस मिळतो, साधारण दोन मोबाईल एकावर एक ठेवले एवढा डबा. कॉम्प्युटरचा मोठा यूपीएस घेऊ नका, तो बॅटरीची डीसी वीज २३० व्होल्ट एसी करतो आणि तुमचा ॲडॉप्टर ती परत डीसी करतो, मधल्या मधे वीज वाया.

घेण्याआधी राऊटरच्या ॲडॉप्टरवरचं लेबल वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतं पण ९ चेही राऊटर आहेत. अँपिअर लेबलवर आहे तेवढा किंवा जास्त चालतो, व्होल्ट मात्र तोच हवा, आणि पिनच्या चित्रात मधला टोक प्लस आहे ना ते जुळवा. फायबरचा डबा आणि राऊटर वेगवेगळे असतील तर दोन आउटपुटवाला बघा.

किती चालेल याचा हिशोब सोपा आहे. २६०० एमएएचचे तीन सेल असतील तर २.६ गुणिले ३ गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे जवळपास २९ वॉट-तास. राऊटर ८ वॉट खात असेल तर थोडं नुकसान धरून तीन तास. खोक्यावरचा मोठा एमएएच आकडा बघून भुलू नका, तो ३.७ व्होल्टवरचा असतो.

तरीही नेट जातं का, हे आधी तपासा. थेट फायबर घरात आलं असेल तर वाटेतल्या स्प्लिटरना वीज लागत नाही, पलीकडे ऑफिसात बॅकअप असला की झालं. पण केबलवाल्याची लॅन वायर असेल तर खांबावरच्या पेटीतला स्विच विजेवर चालतो, तो बंद पडला की तुमचा यूपीएस काही करू शकत नाही. त्याला आधी विचारून घ्या.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे, नेटवर फक्त रील्स बघतो. त्याला गोडी लागेल असं दुसरं काही आहे का? (नागपूर)

आहे की, आणि दोन्ही फुकट. पहिलं वेबएसडीआर. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात एक रेडिओ रिसीव्हर बसवलाय, तो आपल्या ब्राउझरमधून चालवता येतो. पडद्यावर निळा-पिवळा धबधबा सरकत असतो, त्यातली प्रत्येक उभी रेघ म्हणजे कुणीतरी काहीतरी प्रसारित करतंय, रेघेवर क्लिक केलं की ऐकू येतं. कधी बातम्या, कधी हौशी रेडिओवाल्यांच्या गप्पा, कधी मोर्सचं टिकटिक. दुपारी एकदा आणि युरोपात रात्र असेल तेव्हा एकदा ऐकवा, कुठले पट्टे गप्प होतात आणि कुठले भरून येतात ते त्यालाच शोधू द्या. मग वातावरणाच्या वरच्या थरावरून लहरी कशा परततात हे सांगायला मजा येते, कारण प्रश्न त्याचाच असतो.

दुसरं गच्चीवरचं. हेवन्स-अबव्ह साइटवर नागपूर टाका, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कुठल्या दिवशी किती वाजता दिसेल ते सेकंदापर्यंत मिळतं. साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने जातं, दीड तासात पृथ्वीला एक फेरी, आणि २ नोव्हेंबर २००० पासून त्यात कायम माणसं आहेत. सूर्य मावळल्यावर थोड्या वेळाने किंवा उगवण्याआधी बघायचं, तेव्हा खाली अंधार आणि वर त्याच्यावर ऊन असतं. दुर्बीण लागत नाही. पाच मिनिटं आधी वर जा, मोबाईल खिशात ठेवा, डोळे सरावू द्या. पश्चिमेच्या बाजूने एक ठिपका वर येईल, विमानासारखा लुकलुकणार नाही, सरळ चालत येईल. आणि मध्येच, आकाश मोकळं असताना, तो विझत विझत दिसेनासा झाला तर मुलाला सांगा, ते आत्ता पृथ्वीच्या सावलीत शिरलं.